‘दात नंतर बघू’ हे उत्तर मान्य नाही

“आधी डोकं ताळ्यावर येऊ दे, दातांचं नंतर बघू.” स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्या माणसाला वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या घरांना हे वाक्य नवं नाही. कधी ते ओपीडीतल्या टेबलापलीकडून येतं, कधी एखाद्या नातेवाइकाकडून, आणि पुष्कळदा थकलेल्या आईच्या किंवा भावाच्या तोंडूनच निघतं. त्यात दुष्टावा नसतो. घरात रात्र रात्र जागरण चाललंय, माणूस ताटावर बसायला तयार नाही, अन्नात काही कालवलंय असा त्याला संशय येतोय. अशा वेळी दाढेची कीड कुणाला आठवेल? म्हणून तर हे वाक्य समजूतदार वाटतं आणि टिकून राहतं. पण ते चुकीचं आहे, आणि त्याची किंमत ज्याला ते ऐकून घ्यावं लागतं तोच मोजतो.

या वाक्यात एक भलतीच आशा दडलेली आहे, की ‘नंतर’ नावाची वेळ कधीतरी येईल. हे आजार बहुतेकांना ऐन विशी-पंचविशीत गाठतात आणि लांब मुक्काम करतात. काही जण पूर्ण सावरतात, पुष्कळ जण औषधांच्या आधाराने नीट जगतात, काहींना पुन्हा पुन्हा झटके येतात. पण ‘आता सगळं ठीक झालं, चला दंतवैद्याकडे’ असा दिवस यात ठरवून येत नाही. दातांची पाळी येते ती गाल सुजल्यावर, घास चावता येईनासा झाल्यावर. तोवर दात वाचवण्याचा काळ निघून गेलेला असतो आणि उरतं ते फक्त उपटणं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ स्टीव्ह किसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली जगभरातले अभ्यास एकत्र करून मांडणी केली. तीव्र मानसिक आजार असलेल्यांच्या तोंडात एकही दात न उरण्याची शक्यता इतरांच्या जवळपास साडेतीन पट निघाली. २०१५ साली अधिक अभ्यास घेऊन त्यांनीच पुन्हा हिशेब केला, तेव्हाही ती पावणेतीन पटींच्या वर राहिली. ‘नंतर’चा हा असा हिशेब आहे.

आपल्या पट्ट्यात असे किती लोक असतील? २०११च्या जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांवर होतं, अंबरनाथ अडीच लाखांच्या घरात, कुळगाव-बदलापूर पावणेदोन लाखांच्या आसपास. त्यानंतर बदलापूर-अंबरनाथला किती इमारती उभ्या राहिल्या ते लोकलच्या दारात उभं राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी जुनाच आकडा धरू. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी ०.८ टक्के लोकांना त्या वेळी तीव्र मानसिक आजार असल्याचं दिसलं. सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण तोच दर इथे लावला तर या तीन शहरांत साधारण पाच हजार माणसं निघतात. ही माणसं उल्हासनगर कॅम्पच्या बराकींत आहेत, अंबरनाथच्या चाळींत आहेत, बदलापूरच्या नव्या टॉवरांतही आहेत. पाच हजार तोंडं. त्यांच्या दातांची जबाबदारी आज कुणाच्याही टेबलावर नाही.

आता दुसऱ्या वाक्याकडे येतो. ते मला पहिल्यापेक्षा जास्त टोचतं. “तो दातच घासत नाही, त्याला कोण काय करणार?”

दात घासले जात नाहीत हे पुष्कळांच्या बाबतीत खरं आहे. पण स्किझोफ्रेनियात उभारी जाणं, अंघोळ-कपडे-दात यांची इच्छाच विझणं, हे आजाराचंच लक्षण आहे. भ्रम आणि भास औषधाने लवकर आटोक्यात येतात, ही विझलेली इच्छा मात्र फार काळ रेंगाळते. ताप आलेल्या माणसाला आपण ‘अंग का गरम करून घेतलंस’ असं विचारत नाही. इथे मात्र लक्षणालाच स्वभावदोष ठरवून मोकळे होतो.

आणि न घासणं ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी औषधाच्या पाकिटात असते. ती घरच्यांना सांगितली जात नाही, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

आपण काही गोड खाल्लं की तोंडातले जिवाणू त्यातून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या वरच्या कडक थराला, इनॅमलला, विरघळवू लागतं. या हल्ल्यातून दात रोज वाचतो तो लाळेमुळे. लाळ आम्ल पातळ करते, मारते, अन्नाचे कण धुऊन नेते आणि गेलेली खनिजं थोडी थोडी परत आणून बसवते. आता मानसिक आजारावरची बरीच औषधं ही लाळच कमी करतात. क्लोरप्रोमॅझिनसारखी जुनी औषधं करतात, ओलान्झापिन करतं, नैराश्यासाठी दिलं जाणारं अमिट्रिप्टिलीन फार करतं. हॅलोपेरिडॉलने हात थरथरू नयेत, अंग आखडू नये म्हणून सोबत जी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी येते, घराघरांत जिला पॅसिटेन म्हणून ओळखतात, ती तर तोंडाला कोरड पाडतेच. ही गोळी सरसकट सगळ्यांना आणि कायम देऊ नये, गरजेपुरती थोडा काळ द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. आपल्याकडे ती एकदा चिठ्ठीवर चढली की वर्षानुवर्षं पुढच्या चिठ्ठीवर उतरत राहते.

तोंड सुकलं की माणूस काय करतो? तो चहा मागतो. आमच्या भागात चहा म्हणजे दुधाचा, गोड, आणि दिवसातून कितीही वेळा. कुणी तोंडात गोळी-चॉकलेट धरून ठेवतं, कुणी थंड पेयाची बाटली जवळ बाळगून घोट घोट पितं. प्रत्येक घोटाला आम्लाची एक नवी फेरी सुरू होते आणि ती थोपवायला लाळ हजर नसते. अशा तोंडात कीड दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेने पसरते आणि काही महिन्यांत दात मोडू लागतात. एखाद्या तरुणाचे पुढचे चार दात हिरडीपाशी काळे होऊन तुटलेले दिसले की बघणारा म्हणतो, घाणेरडा आहे. त्या तरुणाने आपल्यापेक्षा वेगळं काही केलेलं नसतं. त्याने डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर घेतलेल्या असतात.

हे वाचून कुणी गोळ्या बंद करू नयेत, ही माझी हात जोडून विनंती आहे. गोळ्यांनी माणसं घरात राहिली आहेत, कामावर गेली आहेत, जिवंत राहिली आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. मधुमेह होण्याचा धोका असलेलं औषध देताना डॉक्टर साखर तपासायला सांगतात. लिथियम देताना रक्तातली पातळी तपासायला सांगतात. मग तोंड सुकवणारं औषध देताना तोंड का तपासायचं नाही? ज्या उपचाराने कीड लागण्याचा धोका वाढतो, त्या उपचाराच्याच चिठ्ठीवर तोंडाची नोंद असली पाहिजे. साधं पाणी घोट घोट प्यावं, बिनसाखरेचं च्युइंगम चघळावं, रात्री झोपण्याआधी फ्लोराईडच्या पेस्टने दात घासावेत आणि नंतर चूळ न भरता नुसतं थुंकावं, एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. डोस किंवा औषध बदलता येईल का, पॅसिटेन अजून लागतेच का, हा प्रश्न मनोविकारतज्ज्ञाचा आहे आणि तो त्यांनीच विचारायचा आहे.

औषधांचे तोंडावरचे परिणाम इथेच संपत नाहीत. क्लोझापिनने उलट लाळ इतकी येते की सकाळी उशी ओली सापडते आणि ओठांचे कोपरे चिरतात. काही औषधं वर्षानुवर्षं घेतलेल्यांच्या जिभेला, जबड्याला नकळत हालचालींची सवय लागते; तोंड सतत चघळल्यासारखं हलत राहतं. सुकलेलं तोंड आणि हलणारा जबडा, या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा आणि मग ‘एकदाचे सगळे दात काढून कवळी बसवा’ हा सल्ला तपासा. कवळी धरून ठेवायला लाळेचा पातळ थर लागतो आणि स्थिर जबडा लागतो. ज्याच्याकडे दोन्ही नाहीत त्याला कवळी बोचते, हलते, तो ती काढून ठेवतो आणि उरलेलं आयुष्य डाळभात कालवून गिळत काढतो. ज्यांना कवळी सर्वांत कमी मानवते त्यांचेच दात आपण सर्वांत आधी उपटतो.

‘थांबल्याने काही बिघडत नाही’ हा समज तर थेट धोक्याचा आहे. स्किझोफ्रेनियात वेदना उशिरा किंवा वेगळ्या रूपात सांगितली जाते, हे वैद्यकात पुष्कळ दिवसांपासून नोंदलेलं आहे. दाढ ठणकते तेव्हा माणूस ‘दाढ दुखते’ म्हणेलच असं नाही. तो जेवण सोडेल, रात्री येरझाऱ्या घालेल, डोकं भिंतीवर आपटेल, दातात कुणीतरी यंत्र बसवलंय असं सांगेल. घरचे घाबरून डॉक्टरांना फोन करतात, आजार उसळलाय असं समजून डोस वाढतो. वाढलेल्या डोसाने तोंड आणखी सुकतं. एका किडलेल्या दाढेपायी माणूस वॉर्डात जाऊ शकतो, आणि तिथेही त्याच्या तोंडात डोकावून कुणी बघेलच याची खात्री नसते.

लिथियमवर असलेल्या माणसाची दाढ दुखू लागली तर घरातलं कुणीतरी मेडिकलमध्ये जाऊन आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणतं. सगळेच आणतात, त्यात काही नवल नाही. पण ही वेदनाशामकं मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी करतात आणि रक्तातली पातळी विषारी होण्याइतकी चढू शकते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, उलट्या, गुंगी हा त्याचा इशारा असतो. बायपोलर असलेल्या माणसासाठी दाढदुखी ही अशी जिवावरची गोष्ट होऊ शकते, आणि हे टाळायला एवढंच लागतं: दुखणं सुरू होण्याआधी दाढ कुणीतरी बघितलेली असणं, आणि दंतवैद्याला चिठ्ठीवरचं लिथियम माहीत असणं.

मानसिक आजार, बौद्धिक अपंगत्व आणि दात यांच्या संबंधांना एक इतिहास आहे. तो कळला की ‘नंतर’ हा शब्द उच्चारताना जीभ अडखळावी. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ट्रेंटन इथल्या सरकारी मनोरुग्णालयात हेन्री कॉटन नावाचे डॉक्टर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रमुख होते. वेड हे शरीरात कुठेतरी लपलेल्या पूमुळे लागतं अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि तो पू पहिल्यांदा दातांत शोधायचा. त्यांच्या कारकिर्दीत रुग्णांचे हजारो दात उपटले गेले. दात गेल्यावरही आजार राहिला की टॉन्सिल, मग आतडी. त्यांनी आपल्या स्वतःच्या मुलांचेही दात काढवले. आजार बरा झाला नाही, माणसं मात्र बोळकी झाली आणि शस्त्रक्रियांनी कित्येक मेली.

दुसरी कथा स्वीडनची. लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाची संस्था होती, तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांची. दात नेमके कशाने किडतात हे शोधण्यासाठी १९४५ ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या रहिवाशांवर प्रयोग झाले. काहींना दाताला मुद्दाम चिकटून राहील अशी खास बनवलेली टॉफी दिली गेली, दिवसाला चोवीसपर्यंत, आणि त्यांचे दात किडताना मोजले गेले. त्यांची संमती घेण्याचा प्रश्न कुणाला पडला नाही. यातून निघालेला निष्कर्ष आज जगातला प्रत्येक दंतवैद्य शिकतो: साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली हे महत्त्वाचं. आपल्या मुलांना दोन जेवणांच्या मध्ये चॉकलेट देऊ नका, असं डॉक्टर सांगतात ते ज्ञान त्या असहाय माणसांच्या किडलेल्या दातांतून आलेलं आहे. दंतशास्त्रावर अशा माणसांचं हे ऋण आहे. ज्यांच्या शरीरावर शास्त्र शिकलं, त्यांच्यासारख्याच परावलंबी माणसांना तेच शास्त्र रांगेत शेवटी उभं करतं, हे मला सहन होत नाही.

आता ‘जनजागृती करा’ म्हणणाऱ्यांशी. दरवर्षी २० मार्चला जागतिक मुखआरोग्य दिन येतो. कुठेतरी शिबिर होतं, ब्रशची पाकिटं वाटली जातात, दातांच्या मोठ्या प्लास्टिकच्या साच्यावर ब्रश कसा फिरवायचा ते दाखवतात, फोटो निघतात. शाळेतल्या मुलांसाठी याचा उपयोग असेल. पण तीव्र मानसिक आजार असलेल्यांना दातांविषयी नुसता सल्ला आणि शिकवण देऊन काय साधतं, याचा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१६ साली आढावा घेतला तेव्हा माणसाच्या तोंडाच्या आरोग्यात अर्थपूर्ण फरक पडल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. यात आश्चर्य नाही. ज्याची इच्छाच आजाराने विझवली आहे त्याला माहितीची कमतरता नसते. त्याच्या बाथरूमपर्यंत कुणीतरी सोबत जाण्याची कमतरता असते, ब्रश हातात देण्याची, त्याच्याबरोबर आपलाही ब्रश सुरू करण्याची. आणि त्याला लागतो प्रत्यक्ष उपचार, जो पत्रकाने होत नाही.

तो उपचार आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड नावाचं एक औषध आहे. किडलेल्या भागावर ते ब्रशने लावलं की कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते. ड्रिल नाही, सुई नाही, भूल नाही, काही मिनिटांचं काम. जिथे लावतो तो किडका भाग काळा पडतो, म्हणून पुढच्या दातांवर लावण्याआधी माणसाला विचारावं लागतं. पण मागच्या दाढांसाठी त्याला तोड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, त्याच वेळी फ्लोराईड पेस्ट आणि ग्लास आयोनोमर सिमेंटही घेतलं. हातातल्या साध्या उपकरणांनी कीड खरवडून त्या सिमेंटने दात भरता येतो. ड्रिलच्या आवाजाने ज्याचा जीव घाबरा होतो त्याच्यासाठी याहून चांगलं काय हवं?

तरीही दवाखान्यातून निरोप येतो: “अशा पेशंटला आम्ही घेत नाही. मुंबईला मोठ्या ठिकाणी दाखवा.” दंतवैद्यांची भीती मी समजू शकतो. त्यांच्या शिक्षणात मानसिक आजाराला फारच थोडी जागा असते. कुणी दंगा केला, कुणी खुर्चीतून उठून पळालं तर काय, हा प्रश्न खोटा नाही. पण भीतीचं उत्तर दार बंद करणं नव्हे. माणूस ज्या वेळी सर्वांत तरतरीत असतो ती वेळ द्यायची, गोळ्यांची गुंगी कुणाला सकाळी असते, कुणाला दुपारी. प्रत्येक वेळी तोच दंतवैद्य असावा. सांभाळणारं माणूस खुर्चीजवळ असावं. हात वर केला की आपण थांबू, असा शब्द द्यायचा आणि तो खरोखर पाळायचा. काम झाल्यावर खुर्ची एकदम सरळ करायची नाही, कारण मानसिक आजारावरच्या बऱ्याच औषधांनी उठताना रक्तदाब खाली येऊन घेरी येते. यातलं काहीही मुंबईतच शक्य आहे असं नाही.

‘सही कोण करणार’ हाही एक अडसर सांगितला जातो. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. माहिती समजून घेऊन आपला निर्णय सांगू शकणारा माणूस मानसिक आजार असला तरी स्वतःच्या मानसिक उपचारांबाबतही निर्णय घ्यायला समर्थ मानावा, असं तो सांगतो. मग दाढ भरण्याच्या निर्णयाला त्याला नालायक का ठरवायचं? त्याच कायद्याचं २१वं कलम म्हणतं की कोणत्याही आरोग्यसेवेत मानसिक आजार असलेल्या माणसाला शारीरिक आजार असलेल्याच्या बरोबरीची वागणूक मिळाली पाहिजे. २०वं कलम मनोरुग्णालयात राहणाऱ्यांना वैयक्तिक स्वच्छतेच्या वस्तू मिळण्याचा हक्क देतं. टूथब्रश आणि पेस्ट त्यात येत नाहीत असं म्हणायची कुणाची छाती आहे? आणि २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, ज्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, सरकारला आणि स्थानिक प्राधिकरणाला सांगतो की अशा माणसांना उपचारांत प्राधान्य द्या आणि उत्पन्नाच्या अटीला धरून मोफत आरोग्यसेवा जवळपासच पुरवा. जवळपास, हा कायद्याचाच आग्रह आहे.

जवळपास म्हणजे काय हे इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. बदलापूर स्टेशन सीएसएमटीपासून अडुसष्ट किलोमीटरवर आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, १९०१ सालचं, त्याच्या अर्ध्या वाटेवर. महिन्याच्या गोळ्यांसाठी ठाण्याला जायचं म्हणजे सकाळच्या गर्दीत, ज्याला गर्दीत आवाज ऐकू येतात त्या माणसाचा हात घट्ट धरून उभं राहायचं. एका बाईच्या पदराला धरून उभा असलेला पन्नाशीचा मुलगा या लोकलमध्ये मी पाहिला आहे. डबाभर लोक त्या दोघांकडे बघत होते. त्या आईला आणखी एकदा, वेगळ्या दिवशी, दातांसाठी फोर्टमधल्या शासकीय दंत महाविद्यालयात नाहीतर मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात जा म्हणणं, आणि न गेल्यास ‘घरचे निष्काळजी आहेत’ असा शेरा मारणं, यापेक्षा अन्याय्य काही मला सुचत नाही.

आता त्या आक्षेपाकडे येऊ ज्याला मी सर्वांत गंभीरपणे घेतो. “एकेका ओपीडीत इतकी गर्दी असते की मनोविकारतज्ज्ञाला प्रत्येकासाठी काही मिनिटं मिळतात. त्यात दात कुठे बघायचे?” हे खरं आहे. ओपीडीतले डॉक्टर दमलेले असतात हे मी पाहिलं आहे, आणि त्यांच्यावर आणखी एक काम टाकून निघून जाणं मला नको आहे. पण तोंड त्यांनी बघावं असं मी म्हणतच नाही. परिचारिका किंवा सामाजिक कार्यकर्ता केसपेपर काढताना विचारू शकतो: तोंड सुकतं का, चावताना दुखतं का, दंतवैद्याकडे शेवटचं कधी गेलात, तंबाखू किती. बॅटरीच्या उजेडात एकदा तोंड उघडून बघता येतं. तंबाखूचा प्रश्न यात टाळता येणार नाही. बिडी-सिगारेट या आजारांत फार आढळते, आपल्याकडे मिश्री आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही मिळणारा गुटखा त्यात भर घालतो. मात्र क्लोझापिनवर असलेल्याने धूम्रपान एकदम सोडलं तर औषधाची रक्तातली पातळी चढते, म्हणून ते सोडवणंही डॉक्टरांना सांगूनच करावं लागतं. म्हणजे इथेही दात आणि डोकं एकाच टेबलावर आले.

आणि दंतवैद्य? भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासूनच दंतचिकित्सकाचं पद धरलेलं आहे. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये मध्यवर्ती रुग्णालय आहे, ज्याला सगळे सेंट्रल म्हणतात. अंबरनाथला डॉ. बी. जी. छाया उपजिल्हा रुग्णालय आहे. बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारांना पैसे लागत नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे, राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून. दोन कार्यक्रम, दोन निधी, दोन रजिस्टरं; आणि रुग्ण एकच, एकच शरीर घेऊन दोघांच्या मध्ये उभा. या दोघांनी महिन्यातून एक वार एकत्र बसायचं ठरवलं तर नवी इमारत लागत नाही.

अंबरनाथला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, म्हणजे तिथे मनोविकार विभाग उभा राहणारच. तो नव्याने मांडला जातोय तोवरच त्याच्या ओपीडीत दाताची खुर्ची असावी अशी मागणी करायला हवी. विभाग बांधून झाल्यावर ‘आता जागा नाही’ हे उत्तर मिळतं.

बदलापूरच्या पुढे त्याच मार्गावर कर्जतला डॉ. भरत वाटवानींचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णांना उचलून, अंघोळ घालून, केस कापून, बरं करून घरी पोहोचवण्याचं त्यांचं काम सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी २०१८ साली त्यांना मॅगसेसे मिळालं. माणसाचं शरीर आधी माणसासारखं करणं हाच उपचाराचा भाग आहे, हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत, पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये शुभंकर, म्हणजे सांभाळणारी माणसं, एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत आली आहेत. झोप, औषधं, लग्न, नोकरी, आपल्यानंतर याचं काय, हे सगळं बोललं जातं. त्या बोलण्यात दातांना जागा मिळावी असं मला मनापासून वाटतं. तुटलेल्या दातांमुळे आपला मुलगा हसताना तोंडावर हात ठेवतो, मुलाखतीला जायचं टाळतो, हे जी आई बघते तिच्यासाठी हा सौंदर्याचा प्रश्न नाही. बरं होऊन पुन्हा माणसांत मिसळण्याच्या वाटेवरचा तो अडथळा आहे, आणि त्या अडथळ्याचा अर्धा भाग आपल्या औषधांनी रचलेला आहे.

म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या शुभंकरांनी ठाण्याच्या जिल्हा शल्यचिकित्सकांना एक अर्ज द्यावा आणि त्याची प्रत तिथल्या महापालिकेला आणि दोन्ही नगरपरिषदांना द्यावी. त्यात मागण्या अशा असाव्यात: तिन्ही रुग्णालयांत मनोविकाराच्या ओपीडीच्या दिवशीच दंतचिकित्सक त्याच केसपेपरवर रुग्ण बघतील. महिन्याच्या गोळ्यांबरोबर फ्लोराईडच्या पेस्टची ट्यूब मिळेल. सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड औषधखरेदीत येईल. लिथियम, क्लोझापिन, पॅसिटेन घेणाऱ्यांच्या केसपेपरवर दंतवैद्याला दिसेल अशी ठळक नोंद असेल. चारही मागण्या एका पानात मावतात. ‘बघू’ असं उत्तर आलं, तर कोणत्या तारखेला, एवढं लेखी मागून घ्यावं.